पिवळा दिवा

दिवाळी अंकात दिव्यावर लिहिणे हे काही मोठे धाडस नव्हे. दरवर्षी कोणी पणतीवर लिहितो, कोणी आकाशकंदिलावर लिहितो, आणि वाचकही ते फराळाबरोबर गोड मानून घेतात. पण मला ज्या दिव्याविषयी लिहायचे आहे तो लागावा म्हणून नव्हे, तर विझावा म्हणून मी दोन महिने देव पाण्यात घालून बसलो होतो. दिवा करंगळीच्या नखाएवढा. रंगाने पिवळा. मध्ये एक वर्तुळ आणि वर्तुळात ए, बी, एस ही तीन इंग्रजी अक्षरे. आमच्या मोटारीच्या डॅशबोर्डवर, ज्याला गॅरेजमधली मंडळी सरसकट ‘मीटर’ म्हणतात, त्याच्या डाव्या कोपऱ्यात तो गेल्या वर्षी कोजागिरीच्या पाठोपाठ लागला, आणि आमच्या घरातला दुसरा एक दिवा त्याने जवळजवळ मालवला.

त्याचे असे झाले. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचे सांगितले आणि रात्री गाडी चालवायची नाही अशी तंबी दिली. समोरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांभोवती मला मोठाली खळी दिसत. मुले परगावी, ड्रायव्हर ठेवण्याइतके पेन्शन नाही. तेव्हा, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आमच्या सौभाग्यवतीने मोटार शिकायला घेतली. धुळ्याच्या मैदानावर पहाटे साडेपाचला ती लाल रंगातल्या ‘एल’ अक्षराच्या पाटीमागे बसून वर्तुळे काढी आणि मी बाकावर बसून फिरायला येणाऱ्या ओळखीच्या लोकांना तोंड चुकवी. चार महिन्यांत तिला लायसन मिळाले. वर्षभरात ती भाजीबाजार, बँक, शिरपूरला भावाचे घर अशी बेधडक जाऊ लागली. मी शेजारच्या आसनावर बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबीत असे. ज्या नवऱ्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

कोजागिरीला तोरणमाळला जायचे हा बेतही तिचाच. आम्हां खानदेशकरांना थंड हवेचे ठिकाण म्हणून महाबळेश्वरपर्यंत धावायची गरज नाही. आमचे आमच्याजवळ आहे, पण ते कोणाला सांगायला जावे तर आधी कुठे आहे ते सांगावे लागते. सातपुड्याच्या रांगेत, अक्राणी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरांहून उंच असे हे पठार. शहाद्याहून सुमारे ५५ किलोमीटर. १९९८ साली धुळे जिल्हा दुभंगून नंदुरबार जिल्हा झाला तेव्हा ते कागदोपत्री आमच्यातून गेले, पण पाहुणे म्हणून जायला कोणाची हरकत नाही. ऊस आणि केळीची शेते संपली, राणीपूर मागे पडले, की डोंगर एकदम अंगावर येतो आणि सातपायरीचा घाट सुरू होतो. नाव सार्थ आहे. एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखी वळणे. वरच्या वळणावरून खाली पाहिले तर आपण आलो तो रस्ता पायाखाली टाकलेल्या दोरीसारखा दिसतो.

धुळ्याहून घाटाच्या पायथ्यापर्यंत तिने गाडी आणली. घाट मी चढवला. संध्याकाळी यशवंत तलावाच्या काठी पोहोचलो तेव्हा ती म्हणाली, “उतरा, मी लावते बाजूला.” जागा भरपूर होती. गवतात एक दगड होता, गुडघ्याएवढा, पांढऱ्या रंगाचा पुसट पट्टा असलेला. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे गाडीचा डावा पुढचा कोपरा हा नवशिक्याला दुसऱ्या गावाइतका लांब असतो. खट्ट असा आवाज झाला. फार नाही, पाटावरून वाटी पडावी इतका. बंपरला तळहाताएवढा ओरखडा आला आणि डाव्या बाजूची कड थोडी सुटली. कोणालाही, कशालाही इजा नाही. आणि मी म्हणालो,

“तरी मी म्हणत होतो.”

चार शब्द. खरे म्हणजे मी काहीही म्हणत नव्हतो. मी तलावाकडे पाहत उभा होतो. पण नवऱ्याच्या जिभेवर हे वाक्य तयारच असते. ती उतरली, तिने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि थर्मास काढून दूध ओतू लागली. त्या रात्री तलावात पडलेले चांदणे मी जन्मात विसरणार नाही असे लिहायला हवे; पण मला आठवते ती तळहातावरची किल्ली.

दुसरा दिवस खडकी पॉइंट, सीताखाई पाहण्यात गेला. सीताखाईच्या कड्यावरून पावसाळ्याचे उरलेले पाणी अजून पडत होते. तिसऱ्या सकाळी निघालो. घाटाचे पहिले वळण उतरलो, दुसऱ्या वळणाला चाक पूर्ण फिरवले आणि टिंग असा आवाज होऊन तो पिवळा दिवा लागला. मी गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडून आत पाहू लागलो. बॉनेट उघडून आत पाहणे हा पुरुषाचा धर्मच आहे. आत काय पाहायचे असते ते मला आजवर कळलेले नाही.

“माझ्यामुळेच लागला ना?” ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. न बोलणे हेही उत्तर असते, आणि ते मी दिले.

वरून एक प्रवासी जीप येत होती. आत माणसे, टपावर सीताफळांच्या पाट्या. चालवणारा पावरा पोरगा पंचविशीचा असेल. त्याने आमचे उघडे बॉनेट पाहून जीप थांबवली, खाली उतरला, इंजिनाकडे ढुंकूनही न पाहता थेट आमच्या मीटरकडे गेला.

“काका, पिवळा एकटाच आहे ना? लाल नाही ना लागला?”

“नाही.”

“मग ब्रेक आहे. चाक धरून सोडायची जी करामत असते, ती बंद पडली फक्त. दुसऱ्या गिअरवर उतरा, ब्रेकवर एकदम पाय देऊ नका.” त्याने स्वतः आत बसून ब्रेकचे पेडल दोनदा दाबून पाहिले, तेलाच्या डबीतली पातळी पाहिली आणि जीपकडे जाता जाता विचारले, “कोणत्या वळणाला लागला?”

मला वाटले, हा प्रश्न विचारायचा म्हणून विचारला असेल. मी “याच” म्हटले आणि विसरलो. साऱ्या गोष्टीत शहाणा प्रश्न तेवढा एकच होता.

शहाद्यात एका गॅरेजसमोर थांबलो. “काय व्हयनं आप्पा?” असे म्हणत तिथल्या मिस्त्रीने स्टिअरिंगखालच्या एका खाचेत काडेपेटीएवढे यंत्र खोचले, मोबाइलवर पाहिले आणि जाहीर केले की गाडीत काहीच दोष नाही. दिवा समोर जळत होता. मी तसे म्हटले, तेव्हा त्याने बॅटरीची तार काढली, बिडी ओढून होईपर्यंत थांबला, पुन्हा जोडली. दिवा गेला! मी खुशीने त्याला शंभर रुपये दिले. सारंगखेड्याला तापीचा पूल ओलांडून चहासाठी गाडी डावीकडे हॉटेलापुढे वळवली, आणि टिंग.

धुळ्यात आल्यावर दिव्याची बातमी आळीत पसरली. आजारी माणसाला भेटायला यावे तसे लोक मोटारीला भेटायला येऊ लागले. एकाने फ्यूज काढून पाहा म्हटले. काढला, तर पिवळ्याच्या जोडीला आणखी एक दिवा लागला, म्हणून पुन्हा घातला. दुसरे म्हणाले, माझ्या मेहुण्याने त्यावर काळी पट्टी चिकटवली आहे, तीन वर्षे झाली, मेहुणे ठणठणीत आहेत. माझ्या तरुणपणी हे प्रश्न नव्हते. फियाट नाही तर अँबॅसडर. त्यांच्या मीटरात दिवे मोजून दोन-तीन, आणि तेही बहुधा लागत नसत. गाडीला काही झाले तर ती वासाने सांगे, आवाजाने सांगे, उभी राहून सांगे. आताच्या मोटारी दिव्यांनी बोलतात, पण एक शब्द बोलून गप्प बसतात. पुढचे आपण ओळखायचे.

ज्याला त्या पोराने करामत म्हटले तिची कुंडली मी त्या दिवसांत मांडली. शिक्षकाला निवृत्तीनंतरही गृहपाठ सुटत नाही. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचे थांबते आणि घसरू लागते. घसरणाऱ्या चाकाला दिशा नसते, मग स्टिअरिंग कितीही फिरवा. १९७८ मध्ये जर्मनीत बॉश कंपनीने विजेच्या मेंदूवर चालणारी अशी योजना मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत बसवून बाजारात आणली, की प्रत्येक चाकापाशी एक पहारेकरी बसतो आणि चाक किती वेगाने फिरते ते मोजून मेंदूला कळवत राहतो. पालखीच्या चार भोयांपैकी एकाचा पाय अडखळला तर बाकीच्या तिघांना खांद्यावर कळते ना, तसे मेंदूला कळते की हे एक चाक आता अडणार. मग तो त्याच चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतो, पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो, सेकंदात अनेक वेळा. आपल्याकडे २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही योजना सक्तीची झाली. चौघांपैकी एका पहारेकऱ्याची हाक ऐकू येईनाशी झाली की मेंदू ठरवतो, अर्धवट माहितीवर न्याय करायचा नाही. तो सगळी करामत बंद ठेवतो, साधा ब्रेक तेवढा चालू ठेवतो, आणि पिवळा दिवा लावतो.

अर्धवट माहितीवर न्याय न करण्याची ही रीत मी त्या वेळी समजून घेतली, पण घेतली ती फक्त मोटारीपुरती.

कारण माझा निकाल केव्हाच लागला होता. धक्का बसला, दिवा लागला. शाळेत मी तीस वर्षे मुलांना काकतालीय न्याय शिकवला आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही, हे फळ्यावर कावळा काढून समजावले आहे. पण स्वतःच्या अंगणातला कावळा ओळखू येत नाही. दुसऱ्या एका गॅरेजात मी धक्क्याची हकीकत सांगितली, तेव्हा तेही म्हणाले, धक्का डावीकडून ना, मग डाव्या चाकाचा सेन्सर गेला. दोन हजार सातशे रुपयांना नवा सेन्सर बसवला. कोपऱ्यावर डावीकडे वळलो. टिंग. जुना काढलेला सेन्सर मी कागदात गुंडाळून घरी आणला. तो उत्तम स्थितीत माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे. कशाला, ते विचारू नका.

दिवाळी आली. भाऊबीजेला तिने शिरपूरला जायचे म्हटले, मी किल्ली पुढे केली, तर म्हणाली, “नको, एस.टी.ने जाते.” आणि पिशवीत अनारसे घालून खरोखरच एस.टी.ने गेली. अंधार पडायच्या आत परत यायचे म्हणून भावाकडे जेवायलाही थांबली नाही. त्या दिवशी मला कळले की दिवा विझला नाही तर काय होणार आहे. मी रात्री चालवू शकत नाही. ती आता दिवसाही चालवणार नाही. डोळ्यांचे काय, ते डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येत नाही. आणखी चार-पाच वर्षांत आम्ही दोघे आणि आमची मोटार, तिघेही ओसरीवर बसून राहणार.

त्याच रात्री मला जीपवाल्याचा प्रश्न आठवला. कोणत्या वळणाला लागला?

सकाळी एक जुने हजेरीपत्रक काढले आणि त्यात दिव्याची हजेरी मांडायला सुरुवात केली. गाडी सुरू केली की हा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझतो. ती त्याची रोजची परीक्षा. तो मुळीच लागला नाही तर मात्र काळजी करावी. परीक्षेनंतर दिवा गैरहजर असला की मी निघे. सरळ रस्ता, गैरहजर. खड्डा, गैरहजर. उजवे वळण, गैरहजर. डावीकडे साधे वळण, गैरहजर. डावीकडे चाक अगदी शेवटपर्यंत फिरवले, हजर! पंधरा दिवसांत एकदाही चुकारपणा नाही. इतका नियमित विद्यार्थी मला साऱ्या नोकरीत भेटला नव्हता.

हे पत्रक घेऊन मी एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्याकडे गेलो. दुकान कसले, पत्र्याची टपरीच. पण टपरीत पाटीएवढे एक यंत्र होते. त्याने धक्क्याची गोष्ट ऐकून घेतली नाही. हजेरीपत्रक मात्र चष्मा पुसून वाचले.

“शहाद्याला यंत्र लावलं होतं म्हणता? ते लहान असेल. ते फक्त इंजिनाला विचारतं, बरं आहे का? इंजिन म्हणतं, बरं आहे. चाकांना कोणी विचारलंच नाही.” त्याने स्वतःचे यंत्र लावले. पडद्यावर एक अक्षर आणि चार आकडे आले. “पुढचं चाक. उजवं.”

“डावं,” मी दुरुस्ती केली.

“उजवं,” तो म्हणाला. “गाडी तुमची आहे, पण चाक तिचं आहे.”

त्याने गाडी जॅकवर उचलली, चाक डावीकडे पूर्ण फिरवले आणि मला वाकायला सांगितले. शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर एक छोटी कडी असते, तिच्यातून सेन्सरची वायर जायला हवी. ती कडीत नव्हतीच. कोणीतरी तिला काळ्या टेपने भलतीकडे बांधून टाकले होते. चाक वळले की ती ताणली जाई आणि टायरच्या आतल्या अंगाला घासे. वरचे रबर झिजून आतली तार मोकळी पडली होती, आणि ताण बसला की तुटलेली टोके एकमेकांपासून सुटत.

“हे धक्क्याचं काम नाही,” तो म्हणाला. “हे वर्षाचं घासणं आहे. शॉकॲब्सॉर्बर कधी बदलले?”

आदल्या वर्षी वैशाखात. तिने सांगितले होते, नेहमीच्या गॅरेजात द्या. मी दुसरे स्वस्त गॅरेज शोधून काढले होते, आणि साडेतीनशे रुपये वाचवल्याचा विजय चार दिवस घरात मिरवला होता. सातपायरीवर पूर्ण चाक फिरवणारी वळणे एकामागून एक आली, तिथे त्या वायरीने शेवटचा श्वास सोडला. तलावाकाठचा दगड नसता तरी ती तिथेच तुटली असती.

सांधलेली वायर त्या जागी टिकत नाही म्हणून त्याने नवा सेन्सर घातला, वायर कडीतून नेली, आणि यंत्रातली जुनी नोंद पुसली. दोन चौक गेल्यावर मी मुद्दाम गाडी डावीकडे पूर्ण वळवली. पुन्हा वळवली. एका रिकाम्या मैदानात सात वेळा वळवली. गैरहजर.

घरी आलो तर ती तांदूळ निवडत होती.

“लागला पत्ता,” मी म्हणालो.

“माझंच ना ते?”

“नाही. तुझा धक्का डावीकडे. वायर तुटली होती ती उजवीकडे.”

तिचा हात सुपात थांबला. “मग उजवीकडे कशी तुटली?”

आता खोटे बोलायला वाव होता. उंदराने कुरतडली म्हणता आले असते. मोटारीच्या वायरी उंदीर कुरतडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या तोंडात उंदीर आलाही होता. पण मी शॉकॲब्सॉर्बरची गोष्ट सांगितली. कडी, काळी टेप, स्वस्त गॅरेज, सगळे. आणि घाटात तिने विचारले तेव्हा मी गप्प राहिलो होतो, तेही.

तिने दोन खडे काढून बाजूला टाकले. “किती वाचले होते तेव्हा?”

“साडेतीनशे.”

“आणि गेले?”

मी बेरीज सांगितली. ती हसली नाही, रागावलीही नाही. “तरी मी म्हणत होते” हे वाक्य खऱ्या अर्थाने म्हणण्याचा हक्क त्या क्षणी तिच्याकडे होता, पुराव्यानिशी होता. मी मान खाली घालून त्याची वाट पाहत होतो. ते आले नाही. अजून आलेले नाही. संक्रांतीला येईल असे वाटले, लग्नाच्या वाढदिवसाला येईल असे वाटले. तिने तेव्हा एवढेच केले, सूप खाली ठेवले, हात पदराला पुसला आणि तो माझ्यापुढे पसरला. मी किल्ली दिली.

यंदा पावसाळा संपता संपता आम्ही पुन्हा तोरणमाळला गेलो. राणीपूरपाशी ती गाडी थांबवील आणि घाटासाठी मला पुढे बोलावील अशी माझी समजूत होती. मी दाराच्या मुठीवर हातही ठेवला होता. तिने पाण्याचा घोट घेतला आणि पहिला गिअर टाकला. वळणामागून वळण येत गेले. प्रत्येक डाव्या वळणाला माझी नजर मीटरच्या कोपऱ्याकडे जाई; तिची रस्त्यावर होती. चौथ्या वळणावर वरून जीप येत होती. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे हा घाटाचा नियम पाळून जीपवाला कडेला थांबला. तो तोच होता की दुसरा, ते मला ओळखू आले नाही, पण त्याने तिला हात केला आणि तिने हॉर्न वाजवला.

तलावाकाठी गवत पुन्हा वाढले होते. पांढऱ्या पट्ट्याचा दगड तिथेच होता. सबंध काठ मोकळा असताना तिने गाडी नेमकी त्याच दगडाशेजारी नेऊन लावली आणि इंजिन बंद केले. किती अंतर राहिले ते पाहायला मी उतरलो नाही.